वाघ दिसला तर पाचशे

टिपेश्वर अभयारण्यातली सफारी गेटवर संपते आणि बक्षिशीचा प्रश्न तिथेच सुरू होतो. जिप्सी बाहेर येऊन थांबते. मंडळी अंगावरची धूळ झटकत उतरतात, कुणाची टोपी, कुणाची बाटली मागे राहिली नाही ना ते गाइड पाहतो, चालक इंजिन बंद करून उगाचच काच पुसत उभा राहतो. प्रवेशशुल्क, वाहनाचे भाडे, गाइडचे मानधन असे सगळे आधीच चुकते झालेले असते. हिशेबाने कुणाचे कुणाकडे काही बाकी नसते. तरीही उतरलेल्यांपैकी एखादा जरा बाजूला वळून पाकीट चाचपतो आणि बरोबरच्यांना हळूच विचारतो, "किती द्यायचे?"

या प्रश्नाचे उत्तर बहुधा जंगलातच ठरून गेलेले असते. वाघ दिसला असेल तर पाचशेची नोट निघते, कधी त्याहून अधिक. दिसला नसेल तर शंभर-दोनशे, आणि पुष्कळदा नुसते "चला, येतो". साडेतीन-चार तास तोच माणूस, तेवढेच काम, तोच उन्हाचा चटका. फरक एवढाच की एका फेरीत वाघाला रस्ता ओलांडावासा वाटला आणि दुसऱ्या फेरीत वाटला नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पांढरकवडा आणि घाटंजी तालुक्यांत पसरलेले हे अभयारण्य १४८.६३ चौरस किलोमीटरचे आहे. १९९७ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. नाव टिपाई देवीवरून आले. नागपूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग जवळूनच जातो, त्यामुळे सुन्ना आणि माथनी या गेटांवर नागपूरकर जितके दिसतात, जवळजवळ तितकेच हैदराबादकर. मराठी, हिंदी आणि तेलुगू या तीन भाषांत इथला गाइड वाघाची पावले समजावून सांगतो. पाहुणा जिथला, तिथली बक्षिशीची सवय बरोबर घेऊन येतो. कुणी माणशी काढतो, कुणी गाडीमागे एकच नोट देतो, आणि कुणाला हा प्रकारच मुळात गैर वाटतो.

नंबराने लागणारी माणसे

बक्षिशीचा विचार करण्याआधी गेटवरची व्यवस्था समजून घ्यायला हवी. गाइड हा वनखात्याचा पगारी नोकर नसतो. अभयारण्याच्या काठावरच्या गावांतली मुले, अलीकडे काही मुलीही, निवडून त्यांना प्रशिक्षण दिले जाते, गणवेश दिला जातो आणि प्रत्येक फेरीमागे ठरलेली रक्कम त्यांच्या वाट्याला येते. फेरी झाली तर पैसे, नाही झाली तर नाही. जिप्सीचालकाचे गणित वेगळे. काहींची गाडी स्वतःची असते, बाकीचे मालकाच्या गाडीवर राबतात. मारुतीने जिप्सीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबवले, त्यामुळे जुन्या गाड्या रेटत चालवायच्या, सुटे भाग शोधत फिरायचे, हा खर्चही कुणाच्या तरी खिशातून जातच असतो.

गाइड आणि गाड्या नंबराने लागतात. कोणत्या पाहुण्यांबरोबर कोण जाणार हे रांगेवरून ठरते, ओळखीवरून ठरू नये असा त्यामागचा हेतू आहे. या पद्धतीत मोठी समज आहे. नंबर नसता तर पाहुणे येण्याआधीच फोन फिरले असते, चार चलाख गाइडांना रोज काम मिळाले असते आणि बाकीचे गेटवर बसून राहिले असते. अर्थात नंबराने फेऱ्यांची वाटणी सारखी होते, बक्षिशीची होत नाही. सकाळच्या फेरीत ज्याला वाघ मिळाला त्याचा खिसा गरम. दुपारच्या फेरीवाल्याला गेटवरच कळलेले असते की वाघीण पिल्लांना घेऊन आत सरकली आहे.

शिवाय ही कमाई वर्षभराची नाही. पावसाळ्याचे तीन महिने सफारी बंद असते. ऑक्टोबरात जंगल पुन्हा खुले होते तेव्हा गवत पुरुषभर वाढलेले असते आणि त्यात वाघ पाच हातांवर बसला तरी दिसत नाही. पाहुण्यांची गर्दी मात्र नेमकी तेव्हाच, दिवाळीच्या सुट्टीत. म्हणजे हातात सर्वाधिक फेऱ्या असतात तेव्हा वाघ दिसण्याची शक्यता कमी असते. ती वाढते एप्रिल-मे महिन्यांत, पाणवठे आटल्यावर. त्या दिवसांत यवतमाळचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो आणि उघड्या जिप्सीत बसायला हौशी माणसेच येतात.

बोजारा आणि पोस्त

कामाच्या मोबदल्यावर वर काही देण्याची रीत या मुलखाला नवी नाही. पोळ्याच्या संध्याकाळी तोरण तुटते, झडत्यांची गाणी म्हणून होतात आणि सजवलेले बैल घराकडे वळतात. दारात बैलांचे पाय धुतले जातात, पूजा होते, पुरणपोळीचा घास दिला जातो आणि बैल घेऊन आलेल्या गड्याच्या हातावर बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, ठेवला जातो. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत पोरे दारोदार फिरतात, त्यांचाही बोजारा असतो. सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते. त्यात किती रुपये, किती धान्य, कोणते कपडे हे सगळे बोलून झालेले असते. बोजारा त्या बोलीत मोजला जात नाही.

शहरात हीच गोष्ट दिवाळीच्या पोस्ताची. पोस्टमन, कचरा नेणारी बाई, रात्री शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा यांना वर्षातून एकदा काहीतरी द्यायचे, ही यवतमाळच्या जुन्या वस्त्यांतली रीत अजून पुरती गेलेली नाही.

या दोन्ही रीतींत एक गोष्ट सारखी आहे आणि सफारीच्या बक्षिशीत नेमकी तीच हरवते. बोजारा दिवसाचा असतो, पिकाचा नसतो. पावसाने दगा दिला, बोंडअळीने कपाशी खाल्ली, तरी बैलजोडी दारात आली की हात खिशात जातो. नोट लहान होईल, पण गड्याला कुणी "यंदा पीक नाही, तेव्हा बोजारा नाही" असे सुनावत नाही. पोस्टमनलाही पोस्त देताना त्याने वर्षभरात आनंदाची पत्रे किती आणली याची कुणी मोजदाद करत नाही. देणारा माणसाच्या वर्षभराच्या राबण्याकडे पाहून देतो. गड्याच्या हातात जे नव्हते त्याचा हिशेब तो लावत नाही.

अर्थात या रीतींची दुसरी बाजूही आहे. बोजाऱ्यात मालक आणि गडी यांच्यातली पायरी स्पष्ट दिसते. देणाऱ्याचा हात वर, घेणाऱ्याचा खाली. ऑनलाइन आरक्षण करून आलेला पाहुणा आणि प्रमाणपत्र घेतलेला गाइड यांच्यात ती पायरी असण्याचे काही कारण नाही. म्हणूनच काही गाइड पैसे घेताना संकोचतात, आणि काही पाहुणे देताना.

जहाजावरचे पाकीट

बक्षिशीचा प्रश्न जगात सर्वांत पद्धतशीरपणे कुणी सोडवला असेल तर तो प्रवासी जहाजांनी. तो नीट सोडवला की कंपनीच्या सोयीने, हा भाग वेगळा. यवतमाळहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब असला, तरी सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीचे प्रवासी जहाज मुंबईहून सुटू लागल्यापासून विदर्भातली कुटुंबेही तीन-चार रात्रींची सागरी सहल करून येतात. तिथे त्यांना पहिल्यांदा भेटतो तो केबिन स्टुअर्ड. रोज खोली आवरणारा, चादरी बदलणारा, टॉवेलाचे हत्ती-माकड करून पलंगावर ठेवणारा.

या कामात गोव्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पी अँड ओसारख्या ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर स्वयंपाकी, वाढपी आणि स्टुअर्ड म्हणून गोवेकर जात. मुंबईत धोबीतलाव आणि माझगावच्या परिसरात गावोगावच्या गोवेकरांनी 'कूड' चालवल्या. बोट मिळेपर्यंत तारवटी, म्हणजे खलाशी, तिथे आपली पेटी ठेवून मुक्काम करी. त्या काळापासून स्टुअर्डच्या कमाईत बक्षिशीचा वाटा मोठा राहिला आहे.

पूर्वी रीत पाकिटाची होती. सफरीच्या शेवटच्या रात्री प्रवासी स्टुअर्डला, जेवण वाढणाऱ्याला आणि त्याच्या मदतनिसाला वेगवेगळी पाकिटे देत. आता बहुतेक मोठ्या कंपन्या दर माणशी, दर दिवशी ठरावीक रक्कम प्रवाशाच्या खात्यात आपोआप लावतात. रॉयल कॅरिबियनने नोव्हेंबर २०२४ मध्ये साध्या खोलीसाठी ती १८.५० डॉलर केली. चार जणांचे कुटुंब सात रात्री राहिले तर ५१८ डॉलर नुसत्या बक्षिशीचे. ही रक्कम एकत्र होते आणि खोली आवरणाऱ्यांत, वाढप्यांत, कपडे धुण्याच्या विभागासारख्या पडद्याआडच्या कामांत वाटली जाते. प्रवासी सेवा-खिडकीवर जाऊन ती कमी करून घेऊ शकतो किंवा काढूनही टाकू शकतो. तसे करणाऱ्यांची शेवटच्या दिवशी रांग लागते आणि मागे उभे असलेले त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहतात हे सांगायला नको. काही जहाजांवर अशा प्रवाशाने स्टुअर्डच्या हातात रोख ठेवली, तर तीही त्याला सामायिक गंगाजळीत जमा करावी लागते.

या पद्धतीचा गुण असा की दर्या शांत होता की खवळलेला, यावर स्टुअर्डची कमाई ठरत नाही. दोष तितकाच ठळक आहे. कंपनीने द्यायच्या पगाराचा मोठा भाग प्रवाशाच्या सद्‌भावनेवर ढकलला जातो. खलाशांच्या कामाच्या अटी ठरवणारा सागरी कामगार करार २००६ चा. तो २०१३ मध्ये लागू झाला आणि भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांतीची किंवा पर्यायाने आठवड्याला ७२ तासांहून अधिक काम न देण्याची मर्यादा आहे. ७२ तास ही मर्यादा आहे, यावरूनच कामाचा अंदाज यावा. पी अँड ओने ब्रिटनमधल्या आपल्या जहाजांवर मे २०१९ पासून बक्षिशीची वेगळी आकारणी बंद करून ती भाड्यातच धरली. प्रवाशांची गोंधळातून सुटका करणारा इतका सरळ मार्ग सगळ्यांनी का घेतला नाही, याचे उत्तर जाहिरातीत दिसणाऱ्या भाड्यात आहे. बक्षिशी वेगळी ठेवली की भाडे कमी दिसते.

भारतात जमिनीवर मात्र अशी आपोआप आकारणी चालत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी हॉटेल-रेस्टॉरंटांना बिलात सेवाशुल्क परस्पर लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना उचलून धरल्या. पांढरकवड्याच्या ढाब्यावर किंवा जंगलाकाठच्या रिसॉर्टमध्ये असे शुल्क बिलात दिसले तर ते काढून मागण्याचा पाहुण्याला हक्क आहे. आपल्या हाताने किती द्यायचे हा वेगळा प्रश्न.

वाघाची किंमत

सफारीतली बक्षिशी वाघावर ठरते याचा खरा तोटा गाइडच्या खिशाला होतो त्याहून अधिक वाघाला होतो.

फेरी सुरू झाली की चालक आणि गाइड कानांनी जंगल वाचत असतात. चितळाचा कॉल आला, माकडाने फांदीवरून खाकरून इशारा दिला, की गाडी थांबते. नियम सांगतो की अंतर राखा, इंजिन बंद करा, वाट अडवू नका, एका ठिकाणी गाड्यांची दाटी करू नका. मागच्या सीटवरून आवाज येतो, "अजून थोडी पुढे घ्या ना." या "अजून थोडी" मध्ये पाचशेची नोट न बोलता बसलेली असते. चालक नियम पाळून मागे थांबला आणि दुसरी गाडी पुढे गेली, तर त्या गाडीला फोटो मिळतो आणि याला "तुमचा ड्रायव्हर काही कामाचा नाही" हा शेरा.

याचा शेवट कुठे होतो ते ३१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूर विभागातल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसले. एफ-२ ही वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना पर्यटकांच्या गाड्यांनी त्यांची वाट दोन्हीकडून अडवली. चित्रफीत सगळीकडे फिरली, चालक आणि गाइडांवर निलंबनाची आणि दंडाची कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. शिक्षा झाली ती प्रामुख्याने गेटवरच्या माणसांना. गाड्या पुढे घ्यायला लावणारी हौस कुणाची होती, याचा झाडा कुठल्याच गेटवर घेतला जात नाही.

वाघ कुणाच्या सांगण्याने दिसत नाही, याचा टिपेश्वरइतका ठसठशीत पुरावा दुसरीकडे मिळायचा नाही. इथेच जन्मलेला टी-१ सी-१ हा तरुण नर २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन बाहेर पडला. महाराष्ट्र आणि तेलंगणातली शेते, नाले, रस्ते ओलांडत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन स्थिरावला, आणि तोवर भटकंती करत त्याने तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापले होते. असा प्राणी सकाळी सात वाजता अमुक पाणवठ्यावर हजर करण्याची हमी जो गाइड देईल, त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये.

चांगला गाइड ओळखायचा तर वाघाशिवायच्या तासांत ओळखावा. सागाच्या खोडावर अस्वलाने ओढलेली नखे तो दाखवतो. धावडा आणि ऐन यांच्या साली कशा वेगळ्या, मोहाच्या झाडाखाली पहाटे कोण येऊन गेले, रोही आणि सांबराची विष्ठा कशी ओळखावी, हे सांगतो. पांढरकवड्याच्या भागातल्या गोंड आणि कोलाम घरांतून आलेल्या मुलांना यातले बरेचसे कुठल्याही पुस्तकाआधी ठाऊक असते. पाहुण्याने मोठ्याने बोलणाऱ्या सोबत्याला गप्प करावे असे गाइडला वाटत असते, पण बक्षिशीच्या भीतीने तोही गप्प बसतो. गाडी पुढे घ्यायला जो चालक ठाम नकार देतो, तो त्या दिवशीचे सर्वांत अवघड काम करत असतो, आणि जास्तीची नोट खरे तर त्याच्या नावाची असायला हवी. सफारी सुरू होतानाच "वाघ दिसो न दिसो, नियमाने चालवा" एवढे त्याला सांगितले, तरी त्याच्या मानेवरचे ओझे बरेच उतरते.

खोली आवरणाऱ्या बाया

जहाजावरच्या स्टुअर्डचा खरा जोडीदार जिप्सीत सापडत नाही. तो, किंबहुना ती, गेटाकाठच्या रिसॉर्टमध्ये, तंबूत, घरगुती निवासात सापडते. पाहुणे पहाटे अंधारात सफारीला निघतात तेव्हा ती यायची असते, आणि ते परत येईपर्यंत चादरी ताणून, न्हाणीघर धुऊन, लाल मातीचे बूट पुसून ती निघूनही गेलेली असते. जवळच्या गावातून चालत किंवा काळी-पिवळीने येणारी ही बाई पाहुण्याच्या नजरेला पडतच नाही. स्वयंपाकघरात पहाटे चारला चहाचे आधण ठेवणारा आचारीही तसाच.

दिवाळीच्या हंगामात तिच्यापुढे दुसरेही काम असते. सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी सुरू झालेली असते आणि वेचणीला किलोमागे पैसे मिळतात. हात जलद असलेली बाई शेतात अधिक कमावू शकते. रिसॉर्टचे काम ती धरून ठेवते ते वेचणी संपल्यावरही ते चालू राहते म्हणून. पाहुण्यांची सगळी बक्षिशी गेटवर वाटून झाली की हिच्यापर्यंत काही येत नाही. निघताना स्वागतकक्षात दिलेली नोट तिच्यापर्यंत पोहोचेलच असेही नाही.

आफ्रिकेतल्या सफारी कॅम्पांनी यावर साधा तोडगा काढला आहे. गाइडला जे द्यायचे ते वेगळे, हातात. आणि बाकी साऱ्या कामगारांसाठी एक बंद पेटी, तिची वाटणी सर्वांत. अशी पेटी जिथे असेल तिथे तीत टाकावे. नसेल तर खोलीत, उशीपाशी, "खोली आवरणाऱ्या ताईंसाठी" असे कागदावर लिहून पैसे ठेवावेत. नुसती नोट टेबलावर पडलेली असली तर प्रामाणिक बाई ती पाहुण्याची विसरलेली समजून कचेरीत जमा करते. रोजचे रोज ठेवणे बरे, कारण शेवटच्या दिवशी कामावर दुसरीच कुणी असू शकते.

देण्याची रीत

गेटवर द्यायचे असेल तर गाडीमागे द्यावे, माणशी नको. सहा जण मिळून एक रक्कम ठरवली की ना संकोच होतो ना चढाओढ. गाइड आणि चालक यांना वेगवेगळे आणि सारखे द्यावे. एकाच्या हातात देऊन म्हटलेले "दोघांत वाटून घ्या" हे वाक्य पुढे भांडणाचे मूळ होते, विशेषतः दोघे एकाच गावचे असले तर. शंभरापासून पाचशेपर्यंतचे आकडे विदर्भातल्या जंगलांत रुळलेले आहेत. त्यातला कुठलाही चालेल, पण तो फेरी सुरू होण्यापूर्वी मनाशी ठरलेला असावा आणि मग वाघाने बदलू नये. सुटे पैसे जवळ ठेवावेत, कारण जंगलाकाठी नेटवर्क दगा देते आणि क्यूआर कोडपुढे फोन धरून ताटकळणे दोघांनाही अवघडल्यासारखे होते. फेरीच्या मध्येच, वाघ दिसल्याच्या भरात नोट काढणे तर सर्वथा टाळावे. पुढच्या वळणावर ती चालकाच्या पायाला वेग देते.

वनरक्षक, वनपाल, गेटवर पावती फाडणारा कर्मचारी हे सरकारी नोकर आहेत. त्यांना खुशीने देऊ केलेले पैसेही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. त्यांचे काम आवडले तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावाने चार ओळी लिहून द्याव्यात. सेवापुस्तकाच्या जगात त्या ओळींना वजन असते.

पैशाऐवजी वस्तू द्यायच्या तर कामाच्या द्याव्यात. वापरलेली पण चांगल्या स्थितीतली दुर्बीण, पक्ष्यांचे मराठी पुस्तक, डिसेंबरच्या पहाटे उघड्या गाडीत उपयोगी पडेल असे जाकीट. उरलेली बिस्किटे आणि अर्धवट बाटल्या गाइडच्या हातात कोंबणे ही बक्षिशी नाही. दारू तर नाहीच.

आणि फेरी खरोखरच वाईट झाली, गाइड तोंड उघडायला तयार नव्हता किंवा चालकाने नियम मोडले, तर काही न देता निघून जाण्यात गैर नाही. मात्र तेवढ्यावर थांबू नये. गेटवरच्या नोंदवहीत गाडीचा नंबर, फेरीची वेळ आणि घडलेला प्रकार लिहावा. न दिलेल्या बक्षिशीवरून गाइडला एवढेच वाटते की पाहुण्याला वाघ दिसला नाही म्हणून राग आला.